आमची गाडी ऑइल खात नाही

लग्नानंतर दोनेक वर्षांनी सासऱ्यांनी आपली गाडी आम्हाला दिली. जावयाला फुकट दिली तर लोक त्याला हुंडा म्हणतात आणि पैसे घेऊन दिली तर तेच लोक चिक्कू म्हणतात, म्हणून त्यांनी ती मुलीला दिली. चालवायची मात्र मी. बायको ऑफिसच्या बसने जायची, जाता-येता बसमध्ये झोपायची, आणि ही झोप कुठल्याही गाडीसाठी सोडायला ती तयार नव्हती.

गाडी देण्याचा कार्यक्रम बिबवेवाडीला, त्यांच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये झाला. सासूबाईंनी बॉनेटवर हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. सासऱ्यांनी किल्ली माझ्या हातात न देता नुसती समोर धरली आणि छोटंसं भाषण केलं. गाडी जुनी असली तरी एकाच हाताखाली राहिलेली आहे. रस्त्यात कधी बंद पडलेली नाही. टायर अलीकडेच बदललेले आहेत. "आणि मुख्य म्हणजे," ते म्हणाले, "आमची गाडी थेंबभरसुद्धा ऑइल खात नाही." शेजारचे एक गृहस्थ आपली स्कूटर बाहेर काढता यावी म्हणून कार्यक्रम संपायची वाट बघत उभे होते. त्यांच्याकडे वळून सासरे हे वाक्य पुन्हा एकदा म्हणाले.

त्या वाक्याचा अर्थ तेव्हा मला नीट कळला नव्हता. मी अकोल्याकडचा. आमच्या घरी एक मोटरसायकल होती आणि तिच्या ऑइलबद्दल वडिलांचं धोरण साधं होतं. गॅरेजवाल्याला ते लांबूनच सांगायचे, "ऑइल टाकून दे रे." कुठलं, किती, कशासाठी, हे विचारायची आमच्याकडे पद्धत नव्हती. मी शिकलो, पुण्याला आलो, हिंजवडीत नोकरीला लागलो. दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधणं हे माझं काम. दिवसभर मी लोकांना सांगत असतो की तुम्ही म्हणता म्हणून मी मानणार नाही, मला चालवून दाखवा. सासऱ्यांनी गाडी दिली तेव्हा मात्र मी वाकून नमस्कार केला आणि किल्ली घेतली.

सासरे पंप बनवणाऱ्या एका कारखान्यात खरेदी विभागात होते आणि तिथूनच निवृत्त झाले. कमी बोलायचे, आणि जे बोलायचे त्यात दुरुस्तीचा भाग मोठा असायचा. लग्नानंतर सुरुवातीच्या दिवसांत मी एकदा त्यांना विचारलं, "बाबा, काय करून राहिले?" त्यांनी पेपर खाली केला आणि म्हणाले, "करून कोणी राहत नाही. काय करताय, असं विचारा. पेपर वाचतोय." त्यानंतर बरेच महिने आमच्यात 'या', 'बसा' आणि 'चहा घेणार ना' यापलीकडे संभाषण गेलं नाही. ते मला अहो-जाहो करायचे. हा आदर असावा असं मला आधी वाटलं होतं. पुढे कळलं की अंतर राखायलाही तीच क्रियापदं वापरतात.

गाडी आल्यापासून दर रविवारी आम्ही वाकडहून बिबवेवाडीला जेवायला जायला लागलो. जेवण झालं की मी हॉलमधल्या दिवाणावर आडवा व्हायचो. सासरे खुंटीवरून गाडीची किल्ली काढायचे आणि म्हणायचे, "जरा गाडी सावलीत लावून येतो." पार्किंग इमारतीखालीच होतं. तिथे सावलीखेरीज दुसरं काही नव्हतं. पण माणसाचा आपल्या जुन्या गाडीवर जीव असतो, असं समजून मी डोळे मिटायचो. बऱ्याच वेळाने ते वर यायचे, मोरीत जाऊन साबणाने कोपरापर्यंत हात धुवायचे. सासूबाई म्हणायच्या, "मुलगी आलीय, तिच्याशी दोन शब्द बोला. गाडीलाच भेटायला जाताय." ते म्हणायचे, "मुलगी बोलते की तुझ्याशी."

असं बरेच महिने चाललं. मग ऑइल बदलायची वेळ आली.

ती वेळ आली हे मला गाडीनं नाही, फोननं सांगितलं. फोनवर तशी आठवण लावून ठेवली होती. आणि मी शिकलेला माणूस असल्यामुळे लगेच गॅरेजमध्ये न जाता आधी वाचायला बसलो. गाड्यांच्या शौकिनांचा एक मंच इंटरनेटवर आहे. तिथे इंजिन ऑइल या विषयावर लोक वर्षानुवर्षं एकमेकांशी भांडत आलेले आहेत आणि नवीन माणसाचं प्रेमानं स्वागत करून त्यालाही भांडणात घेतात. एका गृहस्थांनी आपल्या गाडीतून काढलेलं ऑइल तपासायला प्रयोगशाळेत पाठवलं होतं. स्वतःचं रक्त त्यांनी कधी तपासलं होतं की नाही, ते लिहिलं नव्हतं. दुसरे एक जण ऑइलचे थेंब टिपकागदावर टाकून त्यांचे फोटो लावायचे आणि खाली लोक त्या डागांचं भविष्य सांगायचे.

यातून मला जे कळलं ते थोडक्यात असं. ऑइलच्या डब्यावर दोन आकडे असतात आणि मध्ये इंग्रजी डब्ल्यू असतो. पहिला आकडा थंडीत ऑइल कसं वाहतं ते सांगतो, दुसरा आकडा इंजिन तापल्यावर ते किती दाट राहतं ते सांगतो. आकडे लहान तर ऑइल पातळ, मोठे तर दाट. आमच्या गाडीला बनवणाऱ्या कंपनीने पाच डब्ल्यू तीस सांगितलं होतं, म्हणजे पातळ. एवढं कळायला एक संध्याकाळ पुरली. पुढच्या कितीतरी संध्याकाळी मी त्यातलंच साधं घ्यावं, अर्धं सिंथेटिक घ्यावं की पूर्ण सिंथेटिक घ्यावं यात घालवल्या. बायको एकदा माझ्यामागे येऊन उभी राहिली. पडद्यावर वेगवेगळ्या डब्यांची तुलना करणारा तक्ता होता.

"साडी घेताना मी एवढा वेळ लावला असता तर?" तिने विचारलं.

"साडी इंजिनात जात नाही," मी म्हणालो.

त्या आठवड्यात तिने आईला फोनवर सांगितलं असणार, कारण शनिवारी सासऱ्यांचा फोन आला. ते स्वतःहून मला फोन करण्याची ती पहिलीच वेळ.

"ऑइल बदलताय असं ऐकलं."

"हो बाबा."

"कुठलं टाकणार?"

"पाच डब्ल्यू तीस. पूर्ण सिंथेटिक."

फोन कट झाला असं वाटून मी हॅलो म्हणालो.

"ऐकतोय," ते म्हणाले. "उद्या जेवायला या. मग बोलू."

रविवारी जेवण आटोपल्यावर त्यांनी सासूबाईंना पिठल्याचं पातेलं परत आणायला सांगितलं. त्यातलं डावभर पिठलं त्यांनी भाकरीच्या तुकड्यावर घातलं. मग वाटीत थोडं काढून त्यात पाणी ओतून ढवळलं आणि ते दुसऱ्या तुकड्यावर घातलं. पहिलं पिठलं भाकरीवर बसून राहिलं. दुसरं ताटभर पळालं.

"बघा," ते म्हणाले. "इंजिनाचे भाग एकमेकांवर घासतात. मध्ये थांबणारं काहीतरी पाहिजे. हे थांबतं. हे पळून जातं. मी या गाडीत कायम वीस डब्ल्यू पन्नास घातलं. दाट. तिनं कधी तक्रार केली नाही."

"पण बाबा, सकाळी गाडी सुरू केल्यावर ऑइल खालून वर चढायला लागतं. दाट पिठलं चढायला वेळ घेतं. तेवढा वेळ इंजिन कोरडंच फिरतं."

"हे कुणी सांगितलं?"

"मंचावर सगळे तेच म्हणतात."

"तिथल्या कुणी ही गाडी चालवलीय?"

"बनवणाऱ्या कंपनीनेही तेच सांगितलंय. डब्ल्यू म्हणजे विंटर, थंडीत..."

"पुण्यात विंटर कुठे असतो?" त्यांनी विचारलं. "चार दिवस स्वेटर बाहेर येतात, पाचव्या दिवशी पंखा लागतो."

"पातेल्यात आता पाणी घातलंयत," सासूबाई म्हणाल्या, "ते पिठलं रात्री कोण खाणार?"

पाणी पातेल्यात नाही, वाटीत घातलंय, हे त्यांनी दुरुस्त केलं आणि ते उठले. पण खरं सांगायचं तर मला मजा आली होती. गेल्या दोन वर्षांत मिळून ते माझ्याशी जेवढं बोलले नव्हते तेवढं त्या जेवणानंतर बोलले. पुढचा आठवडाभर ते रोज फोन करायचे. आज त्यांना आठवलेलं असायचं की कारखान्यातल्या मोठ्या पंपांना दाटच वंगण लागायचं. उद्या मी मंचावरचा नवीन मुद्दा वाचून दाखवायचो. कंपनीला गाडी विकल्यावर तिच्या इंजिनाशी काय घेणं, असं ते म्हणायचे. मी म्हणायचो, मग कंपनीनं पातळ सांगून काय मिळवलं? ते म्हणायचे, विचार करून सांगतो. आणि खरोखर विचार करून दुसऱ्या दिवशी सांगायचे. बायको म्हणाली, "माझ्या लग्नाला हो म्हणायलासुद्धा बाबांनी एवढा विचार केला नव्हता." ते मला फारसं आवडलं नाही.

शेवटी आम्ही दोघांनी मिळून जाऊन ऑइल आणायचं ठरलं. नाना पेठेत एक दुकान सासऱ्यांच्या ओळखीचं होतं. मालक मुसलमान, घराणं पिढ्यान्‌पिढ्या पुण्यातलं. आजोबांनी सायकलचे सुटे भाग विकायला सुरुवात केली होती, नातू मोटारींचे विकत होता, आणि आता तोही साठीला आला होता. दुकान अरुंद आणि खोल. दोन्ही बाजूंना छतापर्यंत डबे. गल्ल्यामागे मालक चष्मा कपाळावर सरकवून बसलेले. सासऱ्यांना बघून उठले.

"या, या. बऱ्याच दिवसांनी येणं केलंत. आणि हे?"

"जावई. अकोल्याचे."

"वा. बसा आपण. चहा सांगतो."

बोलण्यातला प्रत्येक ळ आणि ण जागच्या जागी होता. सासरे माझ्याकडे झुकून म्हणाले, "मराठी अशी बोलतात." मी मान डोलावली. दुकानात बसून व्याकरणाचा धडा मिळेल असं वाटलं नव्हतं, पण आपण सासऱ्यांबरोबर बाहेर पडलो की तयारी ठेवावी.

चहा आला. मी पाच डब्ल्यू तीसचा डबा मागितला. सासऱ्यांनी वीस डब्ल्यू पन्नासचा. दोन्ही डबे गल्ल्यावर शेजारी शेजारी आले. मालकांनी दोघांकडे बघितलं.

"दोन गाड्या आहेत का?"

"एकच," मी म्हणालो. "तुम्हीच सांगा, यातलं कुठलं घ्यावं?"

"साहेब, आम्ही विकतो, सांगत नाही. सांगितलेलं घेऊन गेलेला माणूस बिघाड झाला की आमच्याकडे येतो, आणि बिघाड झाला नाही तर दुसऱ्या दुकानात जातो."

हे सासऱ्यांना आवडलं. ते हसले. मग त्यांनी त्या दाट डब्यावर हात ठेवून पुन्हा आपली बाजू मांडायला घेतली. पुण्याची हवा, चढउतार, वाहनांची गर्दी, थांबत थांबत चालवणं. मालक ऐकत होते. ऐकता ऐकता त्यांनी अगदी सहज, ग्राहकाला विचारावं तसं विचारलं, "दाटच हवं म्हणताय, म्हणजे गाडी ऑइल खाते का?"

सासऱ्यांचा हात डब्यावरून निघाला.

"छे," ते म्हणाले. "आमची गाडी? अजिबात नाही. थेंबभरसुद्धा नाही."

"नाही, इंजिन जुनं झालं, आतून झिजलं, की ऑइल जळायला लागतं. मग लोक दाट नेतात. दाट जरा कमी जळतं. म्हणून विचारलं."

"आमच्यात तो प्रश्नच नाही." त्यांनी दाट डबा स्वतःच्या हाताने बाजूला सरकवला. "तो पातळ द्या. यांनी एवढा अभ्यास केलाय. हल्लीच्या मुलांना कळतं."

मी थक्क झालो. इतक्या दिवसांच्या वादात त्यांनी एक पाऊल मागे घेतलं नव्हतं, आणि आता तिसऱ्या माणसासमोर माझा अभ्यास मान्य केला होता. गाडीत बसताना मी त्यांच्यासाठी दार उघडलं. परतीच्या वाटेवर मंडईपाशी थांबून त्यांच्यासाठी अंजीर घेतले. त्यांनी ते मांडीवर ठेवले आणि घरापर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले. मोठ्या मनाच्या माणसाला हार पचवायला थोडा वेळ लागतो, असं मी समजलो.

आमच्या घराजवळच्या गॅरेजमध्ये ऑइल बदललं. जुनं ऑइल खाली घमेल्यात पडत होतं तेव्हा मेकॅनिक म्हणाला, "एवढे महिने झाले म्हणता, पण हे तर बरंच ताजं दिसतंय." हे माझ्या संथ गाडी चालवण्याचं फळ आहे असं मी त्याला समजावून सांगितलं. त्याने हो म्हटलं.

पुढच्या रविवारी जेवण झाल्यावर सासरे खुंटीकडे गेले नाहीत. खुर्चीत बसून पेपर वाचत राहिले.

"आज गाडी सावलीत नाही लावायची?" मी विचारलं.

"आता तुमचं ऑइल आहे. तुम्ही बघा."

त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. ते रुसलेत असं सासूबाई म्हणाल्या, आणि रुसलेल्या माणसाला पुरणपोळी चालते का हे बघायला त्यांनी तीही करून पाहिली. पुरणपोळी चालली. पण ते खाली गेले नाहीत.

यानंतरचा प्रसंग हिंजवडीत घडला. संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर तिथे गाड्या चालत नाहीत, फक्त सुरू असतात. मी रांगेत होतो. पुढे हलायची संधी मिळाली, मी ॲक्सिलरेटर दाबला आणि आरशात मागचं जग निळसर झालं. आधी वाटलं कुठेतरी कचरा पेटलाय. पुन्हा पाच हात पुढे गेलो, पुन्हा निळं झालं. शेजारी एका दुचाकीवाल्याने हेल्मेटची काच वर केली आणि शांतपणे विचारलं, "महापालिकेची गाडी का? डासांची?"

मी नाही म्हणालो.

"नाही, आमच्या भागात आली नाही अजून," तो म्हणाला आणि पुढे निघून गेला.

तेवढ्यात समोर काटे असतात तिथे ऑइलच्या झारीचं चित्र असलेला लाल दिवा लागला. हा दिवा लागला की गाडी ताबडतोब थांबवायची, नाहीतर इंजिन जातं, हे मी मंचावर इतक्या वेळा वाचलं होतं की त्या क्षणी मला अभ्यासाचं चीज झाल्यासारखंच वाटलं. मी गाडी कडेला एका रसवंतीसमोर घेतली. बॉनेट उघडलं. ऑइल किती आहे ते बघायची पट्टी असते, ती ओढून काढली, पुसली, परत घालून काढली. तिच्या टोकाला ओलही नव्हती. महिनाही झाला नव्हता मी भरून.

बायकोला फोन लावला. ती बसमध्ये होती, झोपेतून उठल्याचा आवाज होता.

"गाडीत ऑइलच नाहीये," मी म्हणालो. "सगळं जळालं. धूर येतोय."

"मग ओत ना."

"कुठून ओतू?"

"डिकीत असेल. स्टेपनीच्या खाली बघ. बाबांचा डबा तिथेच असतो."

मी डिकी उघडली, स्टेपनी उचलली. खालच्या खड्ड्यात, जुन्या बनियनमध्ये गुंडाळलेला, वीस डब्ल्यू पन्नासचा डबा होता. अर्धा भरलेला. शेजारी एक छोटं नरसाळं.

"तुला कसं माहीत?" मी विचारलं.

"मला काय माहीत असायचंय? बाबा दर आठवड्याला ओततात ना. मी कॉलेजमध्ये होते तेव्हापासून बघतेय. पेट्रोल भरतात तसं ऑइलपण भरतात. सगळेच भरत असतील असं मला वाटायचं."

"आणि हे तू मला सांगितलं नाहीस?"

"तू मला विचारलंस कुठे? तू मंचावर विचारत होतास."

तिने फोन ठेवला आणि बहुधा पुन्हा झोपली. मी इंजिन निवेपर्यंत रसवंतीच्या बाकावर बसलो आणि आधी मला चांगलाच राग आला. झिजलेल्या इंजिनाची गाडी भाषण करून माझ्या गळ्यात बांधली होती. ते पिठलं, ते कारखान्यातले पंप, ती पुण्याची हवा, सगळं त्या एका वाक्यावर पांघरूण घालायला होतं. उद्या जाऊन काय बोलायचं, ते मी मनात जुळवायला घेतलं. वाक्यं चांगली जमत होती. वऱ्हाडीत जुळवली म्हणून असेल.

पण ऑइल ओतताना हातात ते बनियन आलं, आणि माझ्या डोळ्यांसमोर दिवाणावर घोरत पडलेला मी आलो. इतके महिने, दर रविवारी, मी पोटभर जेवून झोपलेला असताना हा माणूस भर उन्हाच्या वेळी खाली जायचा, या वयात स्टेपनी उचलायचा, ऑइल ओतायचा, स्टेपनी परत बसवायचा, आणि मुलीची गाडी रस्त्यात बंद पडू नये म्हणून आणि आपलं वाक्य खोटं पडू नये म्हणून कोपरापर्यंत हात धुऊन वर यायचा. यातलं कारण कुठलं आधी आणि कुठलं नंतर, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. गाडी सुरू केली. लाल दिवा गेला. धूरही जरा कमी झाला. जुळवलेली वाक्यं वाकडपर्यंत पोचेतो बरीचशी गळून गेली होती.

रविवारी जेवण झाल्यावर मी दिवाणावर न जाता त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसलो.

"बाबा, पातळ ऑइल या गाडीला मानवत नाही असं दिसतंय."

त्यांनी पेपर खाली केला नाही. "का? काय झालं?"

"काही नाही. तुमचं दाटच बरं होतं."

"मी म्हणालो होतो," पेपरमागून आवाज आला. मग पान उलटून, "धूर आला का?"

"थोडासा."

"निळा?"

"निळसर."

"दिवा लागला?"

"लागला. पण लगेच थांबवली. ऑइल होतं डिकीत. ओतलं."

आता पेपर खाली आला. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी टीपॉयवरच्या बडीशेपेच्या डबीकडे बघत होतो. त्यांना कळलं की मला कळलंय, आणि मलाही कळलं की त्यांना ते कळलंय. सासूबाई आतून आल्या, दोघांकडे बघून परत आत गेल्या.

"मला वाटलं होतं, महिनाभर तरी निघेल," ते हळू आवाजात म्हणाले. "पातळ एवढं भराभर जातं, याचा अंदाज नव्हता."

याहून जास्त ते कधी बोलले नाहीत आणि मीही विचारलं नाही. थोड्या वेळाने ते उठले, खुंटीवरची किल्ली काढली. दारात थांबले.

"येताय का खाली?" त्यांनी विचारलं. "स्टेपनी उचलायला दोन माणसं बरी."

त्या दिवसापासून रविवारची माझी झोप गेली. आम्ही दोघं खाली जायचो. मी स्टेपनी धरायचो, ते ओतायचे. नरसाळं कसं धरायचं, पट्टी कशी पुसायची, पुसताना धागे राहू द्यायचे नाहीत, हे सगळं मला शिकवलं गेलं आणि त्यातल्या चुका काढल्या गेल्या. स्कूटरवाले शेजारी एकदा शेजारून जाताना थांबले आणि म्हणाले, "काय, ऑइल खाते वाटतं?" सासरे म्हणाले, "नाही, जावयांना शिकवतोय." मी म्हणालो, "हो, मला काही येत नाही." माझ्या तोंडून हे इतक्या पटकन निघालं की मलाच नवल वाटलं.

पुढे एका रविवारी जेवताना, कोशिंबीर वाढून घेता घेता, ते कुणाकडेही न बघता म्हणाले, "इंजिन उघडून घ्यावं लागेल." सासूबाई म्हणाल्या, "इतकी वर्षं मी तेच म्हणतेय." यावरून कळलं की त्या घरात ही बातमी मी सोडून सगळ्यांना होती. खर्च ते करणार म्हणाले, मी करणार म्हणालो, आणि गाडी माझ्या नावावर आहे तर तुम्ही दोघं कोण, असं बायकोने विचारल्यावर तो विषय संपला. गॅरेजमध्ये इंजिन उघडलं. आतल्या झिजलेल्या रिंगा काढून नवीन बसवल्या. सासरे रोज बिबवेवाडीहून दोन बस बदलून ते बघायला यायचे आणि मेकॅनिकच्या शेजारी स्टूल टाकून बसायचे. मेकॅनिकने मला बाजूला घेऊन विचारलं की काका उद्या पण येणार का. येतील, असं मी सांगितलं.

नवीन ऑइल आणायला आम्ही पुन्हा नाना पेठेत गेलो. चहा आला. मी वीस डब्ल्यू पन्नास मागितलं. इतक्या रविवारांनी मला त्याची सवय झाली होती आणि माझा त्यावर विश्वास बसला होता. सासऱ्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

"दाट कशाला?" ते म्हणाले. "नव्या रिंगा आहेत. मध्ये फट राहिलेली नाही. दाट ऑइल शिरणार कुठून? पाच डब्ल्यू तीस घ्या. कंपनीनं काही उगाच सांगितलेलं नाही."

"पण पुण्याची हवा, बाबा..."

"हवेचं काय? ती पूर्वी होती तशीच आहे."

मालकांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि आम्हा दोघांकडे जरा वेळ नीट बघितलं. या वेळी त्यांनी काही विचारलं नाही. पाच डब्ल्यू तीसचा डबा दिला.

गाडी आता चांगली चालते. हिंजवडीत मागचं जग निळं होत नाही. ऑइल एका महिन्यात पट्टीवर जिथे होतं तिथेच असतं. सुरुवातीचे काही रविवार सासरे खाली जाऊन पट्टी काढायचे, बघायचे, 'आहे' म्हणायचे आणि परत घालायचे. त्यांचा चेहरा जरा उतरायचा. ज्या रोग्याची इतकी वर्षं सेवा केली तो बरा होऊन आपल्याला विचारीनासा झाला, असं काहीतरी त्यांना वाटत असावं. मग एकदा मी नुसतंच म्हणालो की टायरमध्ये साधी हवा भरण्याऐवजी नायट्रोजन भरावा असं मंचावर वाचलंय. त्यांनी मान वर केली. म्हणाले, हवेत बहुतेक नायट्रोजनच असतो, तोही फुकट. मी म्हणालो, बहुतेक आणि पूर्ण यात फरक असतो, तसं नसतं तर लोक पैसे देऊन कशाला भरतात? ते म्हणाले, विचार करून सांगतो. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऑफिसला निघालो होतो, तेव्हा त्यांचा फोन आला. त्यांचं बरोबर आहे हे मला माहीत आहे, पण मी अजून मान्य केलेलं नाही. या आठवड्यात त्यांनी रोज फोन केलाय.